नातीसाठी बायबलमधील गोष्टींचे सचित्र पुस्तक निवडताना

गेल्या नाताळाच्या आधी नातीसाठी बायबलमधील गोष्टींचे एक चांगले सचित्र पुस्तक घ्यायचे घरात ठरले आणि ते निवडण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले. नात सहा वर्षांची आहे. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरात मराठीच बोलली जाते आणि अक्षराला अक्षर जोडून देवनागरी वाचायला तिने नुकतीच सुरुवात केली आहे. आमचे घराणे नगरकडचे, प्रॉटेस्टंट मंडळीतले; सूनबाई वसईच्या कॅथलिक घरातल्या. त्यामुळे हे पुस्तक रविवारी संडे स्कूललाही चालले पाहिजे आणि सुट्टीत वसईच्या आजीलाही ते नातीला मांडीवर घेऊन वाचून दाखवता आले पाहिजे, ही दुहेरी अट पहिल्यापासूनच होती.

लहान मुलांच्या पुस्तकात शब्दांपेक्षा चित्रांकडे जास्त लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे आणि त्याला माझ्या स्वतःच्या बालपणाचा आधार आहे. आमच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या घरी गुस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकाराची चित्रे असलेले एक जुने, जाडजूड बायबल होते. दोरेची ही बायबलवरची चित्रे 1866 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि नंतर अनेक भाषांतील बायबलांमध्ये ती छापली गेली. त्यातले जलप्रलयाचे चित्र मी सात-आठ वर्षांचा असताना पाहिले. चहूकडे पाणी, मधोमध एक खडक, त्या खडकावर पिल्लाला तोंडात धरून उभी असलेली वाघीण आणि पाण्यात बुडत असतानाही आपली मुले खडकावर चढवू पाहणारे आईबाप. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातला, जलप्रलयाचा सातवा अध्याय मी त्यानंतर कितीतरी वेळा वाचला आणि शिकवलाही, पण तो वाचू लागलो की आजही प्रथम तो खडकच डोळ्यांसमोर येतो. शब्द विसरतात, बदलतात, मोठेपणी नव्याने कळतात. चित्र मात्र एकदा बसले की बसते. म्हणून ज्या चित्रावरून मुलीची पहिली ओळख होणार ते खरे असावे, निदान मूळ वचनाशी प्रामाणिक असावे, एवढा आग्रह मी धरला.

पुण्यातल्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत मला साधारणपणे तीन प्रकारची पुस्तके दिसली. पहिला प्रकार परदेशी पुस्तकांच्या मराठी आवृत्त्यांचा: चकचकीत आर्ट पेपर, पानभर रंगीत चित्रे आणि एका कोपऱ्यात चौकटीतला मजकूर. दुसरा प्रकार आपल्याकडेच तयार झालेल्या पातळ पुस्तिकांचा, रेखाचित्रांच्या, स्वस्त आणि बहुधा एकेका गोष्टीच्या. तिसरा प्रकार इंग्रजी पुस्तकांचा. त्यांत निवडीला भरपूर वाव होता, पण प्रार्थना ज्या भाषेत करायची त्याच भाषेत गोष्टीही ऐकाव्यात असे आम्हां सर्वांनाच वाटत होते, त्यामुळे तो प्रकार आम्ही बाजूला ठेवला. ज्या भाषेत फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने 1616 मध्ये ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले आणि ज्या भाषेत 1873 पासून ‘बालबोधमेवा’ हे ख्रिस्ती मुलांचे मासिक निघू लागले, त्या भाषेतल्या मुलीला येशूच्या गोष्टी इंग्रजीतून ऐकाव्या लागू नयेत, ही माझी भावना होती आणि ती मी घरात बोलूनही दाखवली.

मराठी आवृत्त्या चाळताना एक गोष्ट सारखी खटकत होती. चित्र मोठे, मोकळे, आणि मजकुराची अक्षरे मात्र इतकी बारीक की माझ्यासारख्या चष्मेवाल्याला पुस्तक खिडकीपाशी न्यावे लागे. याचे कारण छपाईच्या पद्धतीत आहे. अशी पुस्तके अनेक भाषांसाठी एकाच वेळी छापतात. रंगीत चित्रांच्या प्लेटा सर्व भाषांना त्याच राहतात आणि मजकुराची काळी प्लेट तेवढी भाषेनुसार बदलली जाते. त्यामुळे रंगीत छपाईचा मोठा खर्च वाटला जातो आणि पुस्तक परवडण्याजोगे होते. पण मजकुराची चौकट मूळ भाषेच्या मापाने आखलेली असते. वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असलेल्या देवनागरीला ओळींमध्ये जास्त जागा लागते, ती तिथे नसते, म्हणून अक्षर लहान करून किंवा ओळी दाटून मजकूर बसवला जातो. मोठ्या माणसाने वाचून दाखवायचे पुस्तक असेल तर हे चालून जाते. मूल स्वतः बोट ठेवून वाचणार असेल तर ‘ख्रिस्त’, ‘पुनरुत्थान’ यांसारखी जोडाक्षरे स्पष्ट सुटी दिसलीच पाहिजेत. मी प्रत्येक पुस्तकात हे दोन शब्द शोधून पाहत असे.

बांधणीही पाहिली. पुस्तक मधोमध उघडून सपाट ठेवले की फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवलेले आहेत की पाने नुसती डिंकाने चिकटवली आहेत हे लगेच कळते. चिकटवलेले पुस्तक लहान मुलाच्या हातात फार दिवस टिकत नाही आणि पवित्र शास्त्रातल्या गोष्टींची सुटी पाने घरभर फिरावीत हे मला बघवणार नाही. याबाबत यापेक्षा जास्त सांगण्यासारखे काही नाही.

खरे परीक्षण मी ठरावीक पानांवरून केले. पुस्तक हातात आले की आधी, जलप्रलयातून वाचण्यासाठी तारू बांधणाऱ्या नोहाचे पान उघडायचे, हा माझा क्रम. बहुतेक पुस्तकांत तारू म्हणजे एक छोटीशी गोलमटोल होडी असते, वर झोपडीसारखे छप्पर आणि खिडकीतून माना बाहेर काढलेले जिराफ. चित्र गोजिरवाणे दिसते, मुलांना आवडतेही, पण उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात देवाने नोहाला जे माप दिले ते तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद आणि तीस हात उंच असे आहे, आत तीन मजले आणि बाजूला दार. लांबीला फुटबॉलचे मैदान जिच्यासमोर अपुरे वाटावे अशी ती वस्तू चित्रकाराने पाण्याच्या टबात मावेल एवढी काढली की मुलाच्या मनात ही गोष्ट कायमची खेळण्याच्या कपाटात जाऊन बसते. एका पुस्तकात मात्र चित्रकाराने तारवाचा फक्त एक कोपरा दाखवला होता. भिंतीसारखी उंच डांबर फासलेली बाजू, तिच्या पायथ्याशी शिडीवर चढलेला नोहा मुंगीएवढा, आणि खाली हसत उभे असलेले शेजारी. त्या शेजाऱ्यांचा उल्लेख उत्पत्तीत नाही, तरीही ते चित्र मला पटले, कारण त्यात कामाचा आवाका होता आणि पुढे काय होणार याची धास्तीही होती.

दुसरे पान जक्कयाचे. यरीहोचा हा बुटका जकातदार येशूला पाहण्यासाठी झाडावर चढला, ते झाड आपल्या मराठी बायबलात उंबराचे आहे. पॅलेस्टाइनमधले ते झाड आणि आपला उंबर ही एकाच कुळातली भावंडे. दोघांचीही फळे पानांआड फांदीच्या टोकाला न लागता खोडाला आणि जाड फांद्यांना घोसाने लगडतात. दुकानातल्या जवळजवळ सर्व पुस्तकांत जक्कय एखाद्या युरोपीय बागेतल्या झाडावर बसलेला होता. उंबराचे झाड माझ्या नातीने पाहिलेले आहे, त्याखाली पडलेली फळे तिने चपलेने चिरडलेली आहेत. खोडाला फळे लगडलेले झाड पुस्तकात दिसले असते तर गोष्ट दोन हजार वर्षे आणि हजारो मैल ओलांडून आमच्या रस्त्यावर आली असती. ते झाड मला एकाही पुस्तकात सापडले नाही. तेवढ्यासाठी पुस्तक नाकारणे योग्य झाले नसते, पण मराठी मुलांसाठी मराठी चित्रकाराकडून असे पुस्तक करून घेण्याची निकड मला तिथे तीव्रतेने जाणवली.

येशूच्या चेहऱ्याबाबत मी जास्त काटेकोर होतो. सोनेरी केस, निळे डोळे आणि गुलाबी गाल असलेला येशू मला माझ्या नातीच्या पुस्तकात नको होता. तुमचा धर्म गोऱ्यांचा, असे आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले आहे आणि आमच्याच घरातले पुस्तक मुलीला तेच शिकवणार असेल तर त्याचे उत्तर ती काय देणार? येशू गालीलातला यहुदी होता, उन्हातान्हात पायी हिंडणारा, सुताराच्या घरात वाढलेला. आंजेलो द फोन्सेका या गोव्याच्या चित्रकाराने पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून साडीतली मरीया रंगवली. ती चित्रे मला अतिशय प्रिय आहेत आणि भक्तीच्या चित्राला असे स्वातंत्र्य असलेच पाहिजे. मात्र मुलीचे हे पहिलेच गोष्टीचे पुस्तक असल्यामुळे ही घटना कुठे आणि कोणत्या लोकांत घडली ते तिला आधी दिसावे, असे मला वाटले. एका पुस्तकात येशूच्या वस्त्राच्या कडेला गोंडे काढलेले होते. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत मागून येऊन ज्या गोंड्याला शिवली, तो हाच. धर्मनिष्ठ यहुदी माणसाने वस्त्राला गोंडे लावावेत अशी बायबलमधील ‘गणना’ या पुस्तकात आज्ञा आहे. चित्रकाराने मूळ वचन वाचून मगच कुंचला हाती घेतल्याची ती खूण होती आणि हेच पुस्तक पुढे आमच्या घरी आले.

काही ठिकाणी मी सैल राहिलो. बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, तीन होते असे मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात कुठेही लिहिलेले नाही आणि ते गोठ्यात आले नाहीत, घरात आले. तरी जवळजवळ प्रत्येक पुस्तकात तिघेजण उंटांसह गव्हाणीपुढे गुडघे टेकून असतात. नाताळात चर्चमध्ये मुले जे दृश्य सादर करतात ते असेच असते, आणि त्या आनंदावर विरजण घालण्याची माझी इच्छा नव्हती. बेथलेहेमात बर्फ पडत असलेले चित्र मात्र मी मान्य केले नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गोष्टी कुठे संपवल्या आहेत हे पाहण्यात. मला वाटते, या पुस्तकांचा खरा कस इथेच लागतो. उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. धाकटा मुलगा डुकरे चारण्याच्या पाळीपर्यंत येतो, शुद्धीवर येतो, परत निघतो, बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. मिठीचे चित्र, मेजवानीचे चित्र, संपले. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात गोष्ट तिथे संपत नाही. थोरला मुलगा शेतातून येतो, गाणेबजावणे ऐकून रागावतो, आत यायला तयार होत नाही आणि बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याला विनवतो. तो आत गेला की नाही हे येशू सांगत नाही. ही गोष्ट ज्यांच्यासमोर सांगितली ते कुरकुर करणारे शास्त्री आणि परूशी, म्हणजे नियमांचे काटेकोर यहुदी धार्मिक लोकच, त्या थोरल्याच्या जागी उभे आहेत. घरात, वर्गात, चर्चमध्ये सगळे नीट वागणाऱ्या मुलांना या थोरल्या भावाची फार गरज असते आणि नेमका तोच मुलांच्या पुस्तकांतून गळतो. मी पाहिलेल्या पुस्तकांत त्याला स्वतःचे चित्र देणारी फारच थोडी निघाली.

योना या संदेष्ट्याच्या गोष्टीचेही तेच. मासा योनाला गिळतो, तीन दिवसांनी किनाऱ्यावर टाकतो आणि योना शहाणा होतो, असा शेवट करून पुस्तके मोकळी होतात. मूळ पुस्तकाचे चार अध्याय आहेत आणि मासा दुसऱ्यातच निघून जातो. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केल्यावर देवाने त्यांना क्षमा केली म्हणून चिडलेला योना चौथ्या अध्यायात शहराबाहेर रुसून बसतो, एका झाडाची सावली मिळते म्हणून खूश होतो, ते झाड किड्याने मारले म्हणून पुन्हा चिडतो; आणि एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांच्या आणि पुष्कळ गुराढोरांच्या त्या नगराची मी कीव करू नये काय, या देवाच्या प्रश्नावर पुस्तक थांबते. रुसण्याचा अनुभव सहा वर्षांच्या मुलाइतका कुणाला असतो? आणि शेवटी देवाने गुराढोरांचीही आठवण काढावी, हे तर मुलांना आपोआप कळते. तो चौथा अध्याय कापून टाकणारे पुस्तक योनाची नव्हे, माशाची गोष्ट सांगते.

याच कारणासाठी प्रत्येक गोष्टीखाली ‘तात्पर्य’ अशी चौकट छापणारी पुस्तकेही मी परत ठेवली. आईवडिलांचे ऐकावे, खोटे बोलू नये, वाटून खावे हे सगळे शिकवायलाच हवे, पण लुटलेल्या जखमी वाटसरूजवळून दोघे तसेच निघून गेले आणि शोमरोनातल्या परक्या माणसाने त्याला मदत केली, ही गोष्ट सांगून झाल्यावर येशूने स्वतः प्रश्न विचारला होता की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला. उत्तर ऐकणाऱ्याने द्यायचे होते. मुलाने तोंड उघडण्याआधीच चौकटीत उत्तर छापून ठेवणे हा त्या प्रश्नाचा अवमान आहे, असे मी समजतो.

कठीण प्रसंगांबद्दल आमच्या घरात बरीच चर्चा झाली. माझ्या मुलाचे म्हणणे असे की अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, देवाला अर्पण करायला निघतो ती गोष्ट सहा वर्षांच्या मुलीसाठी नकोच. सूनबाईंचे म्हणणे असे की गोष्ट असू द्यावी, पण चित्र कोणत्या क्षणाचे आहे ते पाहावे. मला त्यांचे पटले. रेम्ब्रांटने 1635 साली काढलेल्या चित्रात बापाचा पंजा मुलाच्या तोंडावर आहे आणि देवदूताने मनगट धरल्यामुळे सुरी हातातून सुटून हवेत आहे. ते मोठ्यांनी पाहण्याचे चित्र आहे. आम्ही घेतलेल्या पुस्तकात झुडपात शिंगे अडकलेला एडका समोर आहे आणि मागे बाप-लेक एकमेकांना बिलगून उभे आहेत. गोष्ट लपवलेली नाही, फक्त मुलीला पेलेल अशा जागी उभे राहून ती दाखवली आहे. वधस्तंभाबाबत, म्हणजे येशूच्या क्रूसावरील मृत्यूबाबत मात्र आम्हा तिघांचेही एकमत होते. शेवटच्या भोजनानंतर थेट रिकाम्या कबरेचे पान उघडणारे एक सुंदर पुस्तक आम्ही केवळ त्यासाठी नाकारले. जो मेलाच नाही त्याच्या उठण्याचा आनंद मुलीने कशाला मानावा?

दोन मंडळ्यांच्या घरातला एक प्रश्न मी गृहीत धरलेला नव्हता, तो सूनबाईंनी दाखवला. दहा आज्ञांच्या पानावर मोशेच्या हातात दोन दगडी पाट्या असतात आणि पुष्कळ पुस्तकांत त्यांवर क्रमांक घातलेले असतात. आमच्याकडे मूर्तीविषयीची आज्ञा दुसरी आणि शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची, चौथी. कॅथलिक परंपरेत मूर्तीची आज्ञा पहिलीतच येते, शब्बाथ तिसरी ठरते आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करून दहा पुरे होतात. आज्ञा त्याच, क्रम वेगळा. संडे स्कूलमध्ये एक क्रमांक आणि वसईच्या आजीकडे दुसरा, अशी मुलीची ओढाताण नको होती. म्हणून क्रमांक नसलेल्या पाट्यांचे पान आम्ही शोधले आणि गोंड्यांच्या चित्राच्या त्याच पुस्तकात ते मिळाले. नावांचीही तशीच खात्री केली. मोझेस, डेव्हिड, जोसेफ असे छापलेले पुस्तक भक्तीत ऐकू येणाऱ्या मोशे, दावीद, योसेफाशी जुळत नाही आणि मुलाला ती वेगळी माणसे वाटतात. आमच्या घरचे पवित्र शास्त्र आणि सूनबाईंनी माहेरहून आणलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ ही दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून आम्ही गोष्टी पडताळल्या. त्या निमित्ताने आम्ही तिघे संध्याकाळी एकत्र बसून वचने वाचत होतो, हा या शोधाचा मोठाच लाभ म्हणायला हवा.

शेवटी दोन पुस्तके उरली, तेव्हा दुकानदारांच्या परवानगीने दोन्ही घरी आणून नातीपुढे ठेवली. तिने चकचकीत पुस्तक आधी उचलले, सर्व पाने भराभर उलटली आणि ठेवून दिले. दुसऱ्या पुस्तकात ती थोरल्या भावाच्या पानावर थांबली. दिवे लागलेले घर, बाहेर अंधारात हाताची घडी घालून उभा असलेला तरुण आणि त्याच्याकडे येणारा म्हातारा बाप.

“आजोबा, हा का रुसलाय?”

मी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मग तो गेला का आत?” मी म्हटले, तुला काय वाटते? तिने बराच विचार केला आणि भूक लागली की जाईल, असे सांगितले.

आम्ही तेच पुस्तक घेतले. त्याची अक्षरे मला हवी होती तेवढी मोठी नाहीत, म्हणून सध्या मी वाचतो आणि ती शीर्षके वाचते. शीर्षकांचा टंक ठसठशीत आहे. काही गोष्टी त्यात नाहीत याची मला खंत आहे. रानात तहानलेल्या मुलाला झुडपाखाली ठेवून रडणारी, अब्राहामाच्या घरची दासी हागार नाही आणि कुष्ठरोगी नामान सेनापतीला बरे होण्याची वाट दाखवणारी ती बंदिवान इस्राएली मुलगीही नाही, जिचे नावसुद्धा शास्त्राने नोंदवलेले नाही पण जिच्या एका वाक्यावर सगळी गोष्ट फिरते. या दोन गोष्टी मी पवित्र शास्त्रातून सोप्या शब्दांत सांगतो आणि चित्रे तिने काढायची असा आमचा करार आहे. हागारचे चित्र पूर्ण झाले आहे. त्यातल्या विहिरीला तिने आमच्या सोसायटीच्या टाकीसारखी लोखंडी शिडी लावली आहे. पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर ते चिकटवले आहे आणि दुसऱ्या चित्रासाठी तेवढीच जागा शिल्लक ठेवली आहे.